दिंडोरीहून आलेली स्प्लेंडर : दुरुस्तीच्या नोंदी

14 जून 2025, शनिवार

दाजींची स्प्लेंडर आज छोट्या टेम्पोतून नाशिकच्या सिडकोत आणून उतरवली. 2003 चं मॉडेल, एमएच-15 पासिंग, टाकीवर अजून हिरो होंडा हेच नाव. 97.2 सीसीचं आडवं इंजिन, चार गिअर, कार्बुरेटर. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. घरच्या घरी उघडावी अशी गाडी शोधायला गेलं तर याहून सोपी सापडणार नाही, म्हणूनच मी हे काम अंगावर घेतलं. ताईचा ओंकार यंदा नाशिकला कॉलेजला येतोय, गाडी त्याच्यासाठी हवी आहे. राखी 9 ऑगस्टला आहे. त्या दिवशी गाडी चालवत दिंडोरीला न्यायची, एवढंच ठरवलंय.

दिवाळीपासून ती द्राक्षांच्या शेडमध्ये उभी होती. त्याआधी कित्येक हंगाम बागेचं सगळं सामान तिनंच वाहिलं. मोरचूद, चुन्याच्या गोण्या, फवारणीची नळी, पाठीवर औषध घेतलेला माणूस. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाची भीती असते तेव्हा मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे हात चालू असतात, आणि त्याचे निळसर डाग गाडीच्या खालच्या अंगाला जागोजागी दिसतायत. हे डाग मला सगळ्यात जास्त खटकले. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ओलं होऊन ॲल्युमिनियमवर बसलं की तांब्याचे कण धातूवर चिकटतात आणि तिथे ॲल्युमिनियम खड्डे पडत झिजायला लागतं. इंजिनचं सगळं बाहेरचं अंग ॲल्युमिनियमचं, आणि त्यात घुसलेले बोल्ट लोखंडी. त्यात पावसाळे.

आज फक्त पाहणी केली. किक मारली की कॉम्प्रेशन लागतं, पण कमी. कार्बुरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकतंय. सायलेन्सर हेडला (सिलिंडरच्या टोकाचा, वॉल्व्ह असलेला भाग) जिथे जोडला जातो तिथे काळी काजळी पसरलीय, म्हणजे पॅकिंग गेलंय. चेन सैल आणि कोरडी. ऑइल काळंकुट्ट.

15 जून, रविवार

सकाळी रॉकेल आणि ब्रशनं इंजिन धुतलं. चिखलाखालून जे निघालं ते बघून वाईट वाटलं. मॅग्नेटच्या कव्हरवर दोन गोल झाकणं असतात, टॅपेट (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) सेट करताना तीच उघडून क्रँक फिरवायचा आणि खूण बघायची. दोन्हींच्या खाचा छिन्नी-हातोडीनं ठोकून गोल केलेल्या आहेत. त्या खाचेत बसेल असा रुंद पेचकस मिळतो, पण आधीच्या कुणा मिस्त्रीनं हाताला लागेल ते वापरलं. टॅपेटच्या 17 नंबरच्या टोप्यांचे कोपरेही पाइप पान्यानं खाल्लेत.

कार्बुरेटर काढून टेबलावर घेतला. बाउलचे, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचे, स्क्रू फुलीचे. याबद्दल नीट लिहून ठेवतो, कारण इथे भल्याभल्यांचे हात अडतात. जपानी बनावटीच्या जुन्या गाड्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात, आणि आपण दुकानातून आणतो तो पेचकस बहुतेक वेळा फिलिप्सचा असतो. दोन्ही दिसायला सारखे. पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि खाच सोलून काढतं. माणसाला वाटतं स्क्रू जाम आहे, म्हणून तो आणखी जोर लावतो आणि उरलीसुरली खाचही जाते. जेआयएसचा पेचकस माझ्याकडे होता. तीन स्क्रू आवाज न करता निघाले. चौथ्याची खाच कुणीतरी आधीच संपवली होती. त्याला बारीक व्हाइस ग्रिपनं बाहेरून धरून, गरम करून, केसाकेसानं फिरवून काढला. दुपारचं जेवण थंड झालं.

आत हिरवट-पांढरा थर. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत ते जळून जातं. उभ्या गाडीत पाणी खाली बसतं आणि पितळ, जस्त दोन्हींवर गंज चढवतं. स्लो जेटचं (इंजिन संथ फिरताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी) भोक पूर्ण बंद होतं. तार घालायची नाही, भोक मोठं होतं. क्लीनर मारून रात्रभर भिजत ठेवलाय.

22 जून, रविवार

आज सायलेन्सर काढायला घेतला. हेडमध्ये 6 मिमीचे दोन स्टड (आत पक्के बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट), त्यांवर 10 नंबरचे दोन नट, बस्स. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा असल्यामुळे एक्झॉस्टचं तोंड खाली येतं, आणि पुढच्या चाकानं उडवलेला चिखल नेमका त्याच दोन नटांवर बसतो. त्यात बागेतला चिखल.

घाई अजिबात केली नव्हती. आठवडाभर रोज संध्याकाळी कामावरून आलो की दोन्ही नटांवर गंज सोडवणारं तेल मारत होतो. आज आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, सहा कोपऱ्यांची गोटी, म्हणजे सॉकेट, लावली (बारा कोपऱ्यांची असल्या जागी लावू नये, कोपरे सोलते), आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेनं दाबलं, मग सोडवण्याच्या दिशेनं, परत घट्ट, परत सैल. डावा नट करकरत आला. उजवाही फिरला, आणि अर्ध्या फेऱ्यात हाताला तो मऊपणा जाणवला. ज्यानं कधी बोल्ट तोडलाय त्याला तो कळतो. नट फिरत नव्हता, स्टड पिळला जात होता. थांबलो. पण स्टड तोवर आतून गंजून निम्म्याहून बारीक झालेला. सायलेन्सर हलवताच तो हेडच्या पातळीला तुटून खाली पडला. तुटलेल्या तोंडावर चमकदार धातू जेमतेम मध्ये एक ठिपका. बाकी सगळं तांबूस-काळं, म्हणजे तो कधीचाच तुटलेला होता.

पॅकिंग दीडशे रुपयांच्या आत येतं. ते बदलायला अर्धा तास लागतो. आता हेडमध्ये लोखंडाचा तुकडा अडकलाय, आणि त्याला धरायला बाहेर काही उरलेलं नाही.

24 जून, मंगळवार

कंपनीत, घराशेजारी, पानटपरीवर, सगळीकडे विचारून झालं. एक म्हणतो ईझी-आउट लाव, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचं हत्यार पिळून तो काढ. दुसरा म्हणतो मोठं भोक पाडून 8 चा बोल्ट ठोक. वडाळा नाक्याजवळचे एक जुने मिस्त्री, ज्यांच्याकडे मी कायम जातो, ते म्हणाले, "भाऊ, ईझी-आउट नका लावू. तो आत तुटला तर कोणाच्या बापाला निघायचा नाही." ईझी-आउट कडक पोलादाचा असतो. तो स्टडच्या भोकात तुटला तर साध्या ड्रिलच्या बिटनं त्याला ओरखडाही जात नाही. त्यांचं ऐकायचं ठरवलं.

28 जून, शनिवार

पाऊस थांबेना. पार्किंगच्या फरशीवर गोणपाट टाकून गाडीखाली झोपलो. टाकी आणि कार्बुरेटर आधीच दूर खोलीत नेऊन ठेवलेत, कारण आज हातात ब्लो लॅम्प होता.

हिशेब साधा आहे. तापवल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. एका अंशाला दशलक्षात 23 भाग, लोखंड 12. म्हणून हेड तापवलं की भोक स्टडपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटायला हवी. कागदावर हे बिनचूक आहे. पण ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि आट्यांच्या फटीत ती इतकी ठासून बसलेली असते की भोक मोठं झालं तरी भुकटी जागा सोडत नाही. तापव, तेल सोड, थंड होऊ दे, सेंटर पंचानं हलके ठोके दे. संध्याकाळ झाली. तुकडा जिथल्या तिथे.

ड्रिलचाही विचार होता. पण उताणं पडून, वरच्या दिशेनं, हातातल्या ड्रिलनं 6 मिमीच्या स्टडच्या नेमक्या मध्यावर भोक पाडायचं म्हणजे बिट कडेला सरकणार हे नक्की. लोखंडाच्या बाजूला मऊ ॲल्युमिनियम असलं की बिट नेहमी मऊकडे जातो. मग हेडचे आटे गेले. तो धोका घ्यायचा नाही.

म्हणजे हेड उतरवायचं. पॅकिंगच्या कामासाठी निम्मं इंजिन खोलायचं. हे लिहिताना खरोखर राग येतोय, आणि तो स्टडवर नाही. मागच्या वेळी ज्यानं हे नट बसवले त्यानं आट्यांना बोटभर ग्रीस लावलं असतं तर हा महिना वाचला असता.

5 जुलै, शनिवार

हेड उतरलं. आडव्या इंजिनाचं एक सुख, फ्रेममधून इंजिन काढावं लागत नाही. मॅग्नेटच्या बाजूची ठोकलेली झाकणं काढायलाच तासभर गेला. मग क्रँक फिरवून 'टी'ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) जुळवली, डाव्या बाजूचं गोल कव्हर काढलं, टायमिंगच्या स्प्रॉकेटवर खूण कुठे येते त्याचे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घेतले, आणि टायमिंगची चेन आत पडू नये म्हणून तारेनं बांधून ठेवली.

एका पुठ्ठ्यावर इंजिनचं चित्र काढलंय. जो बोल्ट जिथून निघाला तो पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचायचा. लांबी सारखी नसते, वॉशरही सारखे नसतात, आणि चुकीच्या भोकात लांब बोल्ट गेला तर तो आतून केसिंग फोडतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण परत बांधताना याच पुठ्ठ्यानं मन शांत राहतं. ओंकार आज होता. चित्र त्यानंच काढलं, माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं.

वॉल्व्हवर कार्बनचा थर, एक्झॉस्टच्या वॉल्व्हच्या बैठकीवर खड्डे. कॉम्प्रेशन कमी का होतं ते कळलं. एवढं तरी हाताला लागलं.

6 जुलै, रविवार, आषाढी एकादशी

काम बंद. दिवसभर माहिती शोधत होतो.

कुठल्याही गाडीसोबत मालकाला जी पुस्तिका मिळते तिच्यात टायरमधली हवा, ऑइलचा दर्जा, चेनचा सैलपणा एवढंच असतं. पुढे प्रत्येक पानावर अधिकृत सेवा केंद्रात जा. हेडचे नट कोणत्या क्रमानं आणि किती जोरानं आवळायचे, वॉल्व्हच्या बैठकीची रुंदी किती, कुठल्या मापाला भाग बाद धरायचा, ही माहिती मेकॅनिकच्या मॅन्युअलमध्ये असते आणि ते मॅन्युअल सामान्य माणसाच्या हाती सरळ वाटेनं येत नाही. मग फोटोकॉपीची फोटोकॉपी, पुसट आकडे, कुणीतरी हातानं खोडून लिहिलेलं.

ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली होती. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिनं धरली, आणि त्याच डिसेंबरात राइट टू रिपेअरचं पोर्टलही सुरू झालं. वाहनं त्या यादीत आहेत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याची गाडी हंगामात बंद पडली तर त्याला केंद्राची तारीख परवडत नाही. तो गावातल्या मिस्त्रीकडे जातो आणि तो मिस्त्री अंदाजानं काम करतो. त्या मिस्त्रीला आकडे मिळाले असते, योग्य पाना मिळाला असता, तर त्याचं काम वेगळं झालं असतं. छिन्नीनं ठोकलेलं झाकण बघून मी त्याच्यावर चिडलो होतो. तो राग आज बराच उतरला.

12 जुलै, शनिवार

हेड पिशवीत घालून सातपूरला गेलो. नाशिकमध्ये राहण्याचा हा मोठा फायदा. सातपूर आणि अंबडच्या गल्ल्यांतून लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग, आर्गॉन वेल्डिंग करणारी छोटी वर्कशॉप भरलेली आहेत. मोठ्या कारखान्यांची जॉबची कामं करणारी ही माणसं आहेत, मायक्रॉनमध्ये बोलतात. एका स्टडसाठी आलोय म्हटल्यावर दोघांनी नकार दिला, ते बरोबरच होतं, त्यांची मशिनं महिन्याच्या ऑर्डरला लागलेली असतात. पपया नर्सरीच्या पलीकडच्या तिसऱ्या गाळ्यातल्या काकांनी हेड हातात घेतलं, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "चहा घ्या, वेल्डिंगवाला येईल आत्ता."

पद्धत अशी. तुटलेल्या स्टडच्या तोंडावर आधी एक वॉशर ठेवायचा, त्यावर नट, आणि नटाच्या भोकातून आत वेल्डिंग भरायचं. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेड सुरक्षित राहतं. आणि मला ब्लो लॅम्पनं जे जमलं नाही ते इथे होतं. उष्णता बाहेरून हेडला न जाता थेट स्टडच्या पोटात जाते, तो लालभडक होऊन फुगतो, भुकटी चिरडली जाते, आणि थंड होताना आक्रसून सुटतो. पहिल्यांदा वेल्डिंग सुटून नुसता नट निघून आला. दुसऱ्यांदाही. काकांनी वेल्डरला करंट वाढवायला सांगितला. पुढच्या वेळी थंड होईपर्यंत हात लावू दिला नाही, मग पाना लावून पाव फेरा पुढे, पाव मागे, आणि स्टड निघाला. आट्यांमध्ये पांढरी पूड तशीच चिकटलेली.

दुसरा स्टडही काढून घेतला. तो आज तुटला नाही तरी पुढच्या खेपेला तुटलाच असता. तुटलेल्या बाजूचे हेडमधले आटे पुढचे दोन-तीन खाल्लेले होते, तिथे काकांनी हेलिकॉइल घालून दिली. पोलादी तारेचे नवे आटे, ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत. नवे स्टड, आणि त्यांवर पितळेचे नट. पितळ लोखंडावर गंजून बसत नाही, म्हणून पुढच्या वेळी नट तरी नक्की सुटेल. पैसे घेतले ते इतके कमी की मी दोनदा विचारलं. "शेतकऱ्याची गाडी आहे ना," म्हणाले.

13 जुलै, रविवार

वॉल्व्ह लॅपिंग, म्हणजे वॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणं. ओंकारनं केलं सगळं. पेस्ट लावून काठी दोन तळव्यांत फिरवायची, उचलायची, जागा बदलून परत. राखाडी एकसंध पट्टा दिसला की थांबायचं. मग पोर्टमध्ये रॉकेल भरून बघितलं. इनटेकला थेंब नाही, एक्झॉस्टला ओल आली, परत लॅपिंग. संध्याकाळी दोन्ही कोरडे.

20 जुलै, रविवार

बांधणी. हेडचं पॅकिंग नवं, टायमिंगच्या खुणा फोटोशी आणि पुठ्ठ्याशी ताडून बघितल्या, क्रँक हातानं पूर्ण फिरवून परत बघितल्या. कंपनीतला टॉर्क पाना साहेबांना विचारून घरी आणलाय. 6 मिमीचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये सुमारे 10 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. हाताला हे फारच कमी वाटतं. आपल्याकडे "अजून एक पीळ दे" ही सवय आहे आणि तिनंच आटे जातात. ओंकारला पान्याचा टक्क आवाज ऐकवला आणि मग तोच बोल्ट साध्या पान्यानं अंदाजानं आवळायला लावला. त्याचा अंदाज दुपटीच्या पुढे गेला. हे एकदा हातानं कळलं की विसरत नाही.

टॅपेट 0.05 मिमी. एवढी फट म्हणजे माणसाचा केस जेमतेम जाईल न जाईल. इंजिन थंड हवं, 'टी'ची खूण जुळलेली हवी, आणि दोन्ही रॉकर सैल हवेत. ते सैल नसतील तर पिस्टन दुसऱ्या फेऱ्यात आहे, क्रँक आणखी एक फेरा फिरवायचा. 9 नंबरचा लॉकनट सोडायचा, चौकोनी डोक्याचा स्क्रू फिरवायचा, फट मोजायची पट्टी ओढताना हलकी अडली पाहिजे. आणि लॉकनट आवळताना स्क्रू हमखास बरोबर फिरतो आणि फट बदलते. आवळून परत पट्टी घालून बघायची, यात शॉर्टकट नाही. एक्झॉस्टचा टॅपेट खालच्या बाजूला असल्यानं तिथे डोळा पोचत नाही, सगळं बोटांवर. लॉकनट आवळला की फट जायची, सोडला की यायची. संयम संपला तेव्हा काम थांबवून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. परत आल्यावर जमलं.

सायलेन्सरचं पॅकिंग मात्र बसलं नाही. दुकानातून दिलेलं पॅकिंग बाहेरून मिलिमीटरभर मोठं होतं. डब्यावर गाडीचं नाव बरोबर छापलेलं, आत माल भलताच. परत गेलो तर दुकानदार म्हणे, थोडं ठोका, बसेल. ठोकून बसवलेलं पॅकिंग महिन्यात फुटतं. दुसऱ्या दुकानातून ओरिजनल आणलं, हातानं आत गेलं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावली, भरपूर.

27 जुलै, रविवार

सुरू झाली. चोक ओढून किक मारल्यावर आधी एक फुसका आवाज, मग धरलं. आवाज स्वच्छ, हेडपाशी फटफट नाही. ओंकारनं खालच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावून आणलं.

गरम झाल्यावर स्लो, म्हणजे उभ्या गाडीची संथ रेस, बसेना. रेस वर-खाली होत राहते. आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून परत पेट्रोल. बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे नीडल, नवी घातली आहे, तिला वर ढकलणारा तरंगता फ्लोट हलवून बघितला, त्यात पेट्रोल शिरलेलं नाही, हलका आहे. तरी ठिबकतंय.

इथे माणूस खचतो. एवढं मोठं काम, हेड उतरवलं, स्टड निघाला, वॉल्व्ह बसले, आणि गाडी अडलीय ती नखाएवढ्या सुईच्या टोकाशी. मोठ्या कामाला चार लोक सल्ला द्यायला येतात. असल्या ठिबकण्याला कुणाची मदत होत नाही, ते एकट्यानं बसूनच सोडवावं लागतं.

2 ऑगस्ट, शनिवार

जुनी आणि नवी नीडल भिंगाखाली धरली. नवीच्या रबरी टोकाला साच्याची बारीक कड राहिलेली होती, एका बाजूला. हीसुद्धा लोकल. गाडी 2003 ची, तिच्या काळात पेट्रोलमध्ये एवढं इथेनॉल नव्हतं, त्यामुळे नवं रबर निदान आजच्या पेट्रोलला टिकणारं हवं. स्वस्तातल्या रबराचा इथे भरवसा नाही. ओरिजनल नीडल द्वारकेच्या बाजूच्या दुकानात सांगून मागवली, आज आली.

नीडल जिथे बसते ती पितळी जागाही बघितली. तिथे तोच हिरवा थर, कड्यासारखा. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला पितळ चकाकवायची पेस्ट लावून हलक्या हातानं फिरवत राहिलो, भिंगातून चमक दिसेपर्यंत. मग कार्बुरेटर उलटा धरून नळीतून फुंकलं, हवा जाईना. सरळ धरलं, गेली. बाउलच्या खालच्या नळीला पारदर्शक ट्यूब जोडून आत पेट्रोल किती चढतं तेही बघितलं. बाउलच्या कडेखाली थांबलं आणि पाच मिनिटांनीही तिथेच होतं.

एअर स्क्रू हळूहळू सोडत रेस सगळ्यात वर जाते तिथे थांबलो, मग स्लोच्या स्क्रूनं खाली आणली. रेस टिकली. रात्रभर पुठ्ठा खाली ठेवलाय.

3 ऑगस्ट, रविवार

पुठ्ठा कोरडा.

नंबर प्लेटही आज काढली. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लावायची मुदत तेव्हा 15 ऑगस्ट 2025 होती. जुन्या प्लेटचे दोन बोल्टही गंजलेले, पण ते कापले तरी कुणाचं काही बिघडत नाही. ग्राइंडर लावला आणि मोकळा झालो. सगळेच बोल्ट असे असते तर.

9 ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

दिंडोरी. मी चालवली, ओंकार मागे. म्हसरूळ सोडल्यावर रस्ता मोकळा झाला, डाव्या हाताला रामशेजचा किल्ला ढगात. पन्नासच्या पुढे नेली नाही, हेड नुकतंच बांधलंय. ढकांब्याला थांबून सायलेन्सरचे नट, हेडचा जोड, कार्बुरेटर हात लावून बघितले. कुठे ओल नाही. चेनचा आवाज आहे, स्प्रॉकेटचे दात वाकलेत, ते ठाऊकच होतं.

दाजींनी गाडीभोवती फेरी मारली, एक किक मारली, पहिल्याच किकला सुरू झाली. काही बोलले नाहीत, आत जाऊन ताईला बोलावून आणलं. जेवणानंतर मी त्यांना पितळेचे नट दाखवले आणि मोरचुदाचं सांगितलं. फवारणीनंतर गाडीवर साधं पाणी मारून धुतली तरी पुष्कळ फरक पडतो, निदान इंजिनचं खालचं अंग आणि हेडपाशी. त्यांनी विचारलं, मग गोण्या कशावर आणायच्या? ट्रॅक्टरवर, नाहीतर गोणीखाली जाड प्लॅस्टिक. बागेतली दुसरी गाडीही तिथेच उभी होती, तिच्या खाली वाकून बघितलं. तेच निळे डाग. तिच्या सायलेन्सरच्या नटांवर आजच तेल मारून आलोय, आणि रोज संध्याकाळी थोडं मारायला दाजींना सांगितलंय.

राहिलेलं काम : चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, ड्रेन बोल्टचा वॉशर, मागच्या ब्रेकची लायनर, मॅग्नेटच्या झाकणांना नवी जोडी. पुढच्या रविवारी चेनसेट, ओंकार बसवेल, मी पाने देईन.